बंदूक कोणाची?

मंडळी, या वेळचा विषय पाहून भाचेमंडळी हसतील. मास्तरांना या वयात बंदुकीचं काय सुचलं? पण विषय खेळाचा आहे, आणि खेळामागे थोडा इतिहासही आहे.

आमच्या भागात बंदूक हा शब्द काही बरा नव्हता. हिंगोली हे निजामी राज्यातलं जुनं छावणीचं गाव. १८१९ पासून १९०३ पर्यंत हैदराबाद कंटिन्जंटची फौज इथे होती. रिसाला, पलटण, तोफखाना ही हिंगोलीतल्या वस्त्यांची नावं त्या काळची. नंतर रझाकारांचे दिवस आले आणि सप्टेंबर १९४८ च्या पोलीस ॲक्शनने संपले. त्या दिवसांच्या गोष्टी आमच्या पिढीने घरातल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकल्या. त्यांत बंदूक नेहमी दुसऱ्याच्या हातात असायची. आपल्या वाट्याला यायची ती भीती.

ब्रिटिश मुलखात तरी काय वेगळं होतं? १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने हिंदी माणसाला परवाना सक्तीचा झाला आणि गोऱ्यांना सूट मिळाली. त्याच साहेबाने आपल्या देशात मात्र नेमबाजीचा खेळ केला होता. २ जुलै १८६० ला लंडनजवळ विम्बल्डन इथे व्हिक्टोरिया राणीने पहिली गोळी झाडून स्पर्धा सुरू केली. रायफल आधीच नेम धरून घोडीवर पक्की बसवलेली होती, राणीने फक्त रेशमी दोरी ओढली! नेम ४०० यार्डांवरचा होता, आणि तो बरोबर लागला. लागणारच की.. १८९० मध्ये ही स्पर्धा बिस्ली या गावी गेली, आणि ती आजही तिथे भरते. तिची शेवटची फेरी ९०० आणि १००० यार्डांवरून होते.

१००० यार्ड म्हणजे ९१४ मीटर. आकडा नुसता वाचून कळत नाही. आमच्या सिद्धेश्वर धरणाच्या भिंतीवर उभं राहा आणि तेवढ्या अंतरावरचा माणूस पाहा. काडीएवढा दिसतो. त्या अंतरावर पूर्ण गुणांचं वर्तुळ जेमतेम दोन फुटांचं. गोळीला पोचायला सुमारे दीड सेकंद लागतो आणि तेवढ्यात वारा तिला बाजूला ढकलतो. म्हणून नेमबाज निशाणाकडे पाहतो त्याहून जास्त झेंड्यांकडे आणि उन्हात थरथरणाऱ्या हवेकडे पाहतो. पेरणीआधी आभाळ वाचणाऱ्या शेतकऱ्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

आपल्याकडे हा खेळ सर्वसामान्य माणसापर्यंत यायला १९५१ साल उजाडलं. त्या वर्षी राष्ट्रीय रायफल संघटना स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष होते गणेश वासुदेव मावळंकर, म्हणजे पुढच्याच वर्षी लोकसभेचे पहिले सभापती झालेले आपले दादासाहेब. आयुष्य अहमदाबादेत गेलं तरी घराणं मूळचं रत्नागिरीकडचं. गांधीजींच्या मागे तुरुंगात गेलेल्या माणसाने रायफल संघटनेचं अध्यक्षपद घ्यावं, याचं मला आधी नवल वाटलं होतं. पुढे विचार करताना वाटलं, नवल कसलं? जो कायदा आपल्याला भित्रं ठरवत होता, त्याला दिलेलं ते शांत उत्तर होतं. त्यांच्या नावाची स्पर्धा आजही राष्ट्रीय स्पर्धेच्या वाटेवरची पायरी आहे.

लष्करी बोअरच्या लांब पल्ल्याच्या रायफली आपल्याकडे साध्या परवान्यावर मिळत नाहीत. म्हणून आपली मराठी मुलं चमकली ती ५० मीटरवर. पल्ला छोटा असला म्हणून सोपं समजू नका. तिथे दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं, म्हणजे काबुली चण्याएवढं.

८ ऑगस्ट २०१० ला म्युनिकला कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने पालथं झोपून साठ गोळ्या झाडल्या आणि ६०० पैकी ५९७ गुण मिळवले. नेमबाजीत जागतिक विजेतेपद मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री. त्याच वर्षी तिचे वडील गेले होते. पण गंमत बघा, ज्या प्रकारात ती जगात पहिली आली, तो प्रकार महिलांसाठी ऑलिंपिकमध्ये नव्हताच! तिथे जायचं तर गुडघ्यावर बसून आणि उभं राहूनही तेवढंच अचूक मारायला हवं. टोकियोला, २०२१ मध्ये, ती पहिल्यांदा ऑलिंपिकला पोचली तेव्हा चाळिशीची होती. पदक मिळालं नाही.

तिथे गोष्ट संपली असती तर मी हा लेख लिहिला नसता. तेजस्विनी प्रशिक्षक झाली. तिच्या आणि दीपाली देशपांडे यांच्या हाताखाली राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे घडला. शिक्षकाचा मुलगा, २००९ मध्ये शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत दाखल झालेला, नंतर रेल्वेत तिकीट तपासनीस. १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये त्याने ४४ गोळ्यांत ४५१.४ गुण घेऊन कांस्यपदक आणलं. १९५२ च्या खाशाबा जाधवांनंतर महाराष्ट्राच्या मातीतल्या खेळाडूचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. मध्ये बहात्तर वर्षं गेली.

आयुष्य मास्तरकीत गेलं, म्हणून मला या साखळीचं मोल वाटतं. जे आपल्याला गाठता आलं नाही, ते शिष्याला गाठून देणं हेच तर आमचं काम. शिवाय क्रीडा प्रबोधिनी नसती तर कांबळवाडीच्या पोराने आंतरराष्ट्रीय दर्जाची रायफल हातात कधी धरली असती? रायफल महाग, काडतुसं महाग, जाड जाकीट महाग. आपल्या पूर्णाकाठच्या शाळांतही अशी मुलं नक्की असतील, जी श्वास रोखून, मन एकाग्र करून तासभर एका ठिपक्याकडे पाहू शकतील. त्यांना कोणीतरी वेळेवर हेरायला हवं.

गोफणीने पाखरं राखणाऱ्या पोराचा नेम मी पाहिलेला आहे. नेमाला जात नसते, जिल्हाही नसतो. संधीला मात्र अजून पत्ता असतो, आणि तो बहुतेक वेळा आपल्या गावापासून लांबचा असतो. तुमच्या पाहण्यात एखादी गुणी मुलगी किंवा मुलगा असेल तर प्रबोधिनीची निवड चाचणी कधी असते याची चौकशी जरूर करा. आईवडील बंदुकीचं नाव ऐकून घाबरले, तर त्यांना मावळंकरांची गोष्ट सांगा.