आडबाजूचे दार : विमानतळावरील 'लाउंज'चा इतिहास

१/
सुरक्षा तपासणी आटोपलेला प्रवासी अवाढव्य टर्मिनलमध्ये 'लाउंज' अशी पाटी शोधू लागतो. पाटी सरकत्या जिन्याकडे नेते आणि जिना दुकानांच्या रांगेत आणून सोडतो. पुढची पाटी दिसतच नाही. दोनदा मागे फिरल्यावर, वरच्या मजल्यावर, लिफ्टच्या आडोशाला धूसर काचेचे एक दार सापडते. दाराशी पुन्हा प्रश्न असतात : बोर्डिंग पास कोणत्या वर्गाचा? कार्ड कोणते? सदस्यत्व आहे का?

हे दार इतके आडबाजूला का आणि त्याच्याशी इतकी चौकशी का, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे इतिहासात सापडतात. #इतिहास #धागा

२/
सुरुवात १९३० च्या दशकातील अमेरिकेत होते. १९३६ मध्ये डग्लस कंपनीचे डीसी-३ हे विमान सेवेत आले. त्यात साधारण २१ प्रवासी बसत. विमानप्रवास महाग होता, प्रवासी मोजके होते आणि रेल्वेच्या आरामशीर डब्यांची सवय असलेल्या श्रीमंत गिऱ्हाइकाला आकाशात आणणे हे कंपन्यांपुढचे खरे आव्हान होते. नियमित प्रवाशाला आपलेसे करण्यासाठी त्याला मान देणे हा त्यांतला एक उपाय होता.

३/
अमेरिकन एअरलाइन्सचे अध्यक्ष सी. आर. स्मिथ यांनी तो उपाय शोधला. कंपनी आपल्या विमानांना 'फ्लॅगशिप', म्हणजे आरमाराचे मुख्य जहाज, असे म्हणत असे. स्मिथ यांना टेक्सासचे मानद 'रेंजर' करण्यात आले होते. त्यावरून त्यांना कल्पना सुचली : जहाजे आहेत, तर ॲडमिरलही असावेत. निवडक प्रवाशांना 'ॲडमिरल' हा किताब देण्यात येऊ लागला. त्यात नट, राजकारणी, उद्योगपती होते, तसेच कंपनीचे निष्ठावान साधे प्रवासीही होते. किताब होता, पण बसायला खोली नव्हती.

४/
खोली मिळाली ती १९३९ मध्ये. न्यूयॉर्कचे महापौर फिओरेलो लाग्वार्डिया यांच्या पुढाकाराने नवा विमानतळ उभा राहत होता. त्याच्या वरच्या मजल्यावर महापौरांनी पत्रकार परिषदांसाठी एक दालन राखून ठेवले होते. सांगितले जाते ते असे : विमानतळाची सगळी जागा भाड्याने देणार, असे महापौर म्हणाले. तेव्हा एका वार्ताहराने विचारले, हे दालनसुद्धा? महापौरांनी होकार देताच अमेरिकन एअरलाइन्सच्या उपाध्यक्षांनी तिथल्या तिथे ते मागून घेतले. कंपनीने मद्याचा परवाना काढला आणि 'ॲडमिरल्स क्लब' सुरू झाला.

पहिल्या लाउंजची जागा ही अशी ठरली : वरचा मजला, मुख्य दालनापासून दूर, आणि आमंत्रणाशिवाय प्रवेश नाही.

५/
दुसरा ॲडमिरल्स क्लब वॉशिंग्टनच्या नॅशनल विमानतळावर निघाला. हा विमानतळ १९४१ मध्ये सुरू झाला होता. तिथे व्हर्जिनिया राज्याच्या कायद्यामुळे मद्यविक्री करता येत नव्हती. त्यावर क्लबने तोडगा काढला : आत शीतकपाटे ठेवली. सदस्यांनी आपापली बाटली आणून ठेवावी आणि प्रवासाच्या वेळी घ्यावी. कायदा आड आला, तर निवडक प्रवाशासाठी वाट काढता येते, हे त्या शीतकपाटांनी दाखवून दिले.

६/
परंतु त्याच विमानतळावर दुसरा एक कायदाही लागू मानला जात होता. व्हर्जिनियाच्या वर्णविभाजनाच्या नियमांचा आधार घेऊन तिथल्या उपाहारगृहांत कृष्णवर्णीय प्रवाशांना बसू दिले जात नसे. विमानात शेजारी बसून आलेले दोन प्रवासी जमिनीवर उतरताच वेगळे होत. विमानतळ केंद्र सरकारच्या मालकीचा होता, म्हणजे हा भेदभाव राष्ट्राच्या राजधानीच्या दारातच चालू होता.

अखेर डिसेंबर १९४८ मध्ये, ट्रुमन यांच्या कारकिर्दीत, केंद्रीय विमान वाहतूक प्रशासनाने तिथे वर्णभेद करण्यास मनाई करणारा आदेश काढला. उपाहारगृह चालवणारी कंपनी त्याविरुद्ध न्यायालयात गेली आणि हरली.

७/
'लाउंज' हा शब्द दक्षिणेकडील राज्यांत तेव्हा आणखी एका अर्थाने वापरला जाई. दक्षिण कॅरोलायनातील ग्रीनव्हिल विमानतळावर मुख्य प्रतीक्षालय गोऱ्यांसाठी होते. इतरांसाठी वेगळी खोली होती, तिला 'कलर्ड लाउंज' म्हणत. म्हणजे तोच शब्द न्यूयॉर्कमध्ये मानाची खोली सांगत होता आणि ग्रीनव्हिलमध्ये अपमानाची. दोन्हीकडे मुळात काम एकच होते : कोणी कुठे बसायचे, हे ठरवणे.

८/
१९५८ च्या अखेरीस हवाई दलाचा एक कृष्णवर्णीय नागरी कर्मचारी ग्रीनव्हिलच्या मुख्य प्रतीक्षालयात विमानाची वाट पाहत बसला होता. व्यवस्थापकाने त्याला उठून दुसऱ्या खोलीत जायला सांगितले. त्याने न्यायालयात दाद मागितली. जिल्हा न्यायालयाने दावा फेटाळला.

ऑक्टोबर १९५९ मध्ये जॅकी रॉबिन्सन भाषणासाठी ग्रीनव्हिलला आले. १९४७ मध्ये अमेरिकेच्या प्रमुख बेसबॉल स्पर्धेतील वर्णभेदाची भिंत मोडणारे हे खेळाडू देशभर ओळखले जात. त्यांनाही त्याच प्रतीक्षालयातून उठायला सांगण्यात आले. कीर्ती कितीही मोठी असो, खुर्ची मिळण्यास ती पुरेशी नव्हती.

९/
१ जानेवारी १९६० रोजी शेकडो नागरिकांनी त्या विमानतळावर मोर्चा नेला. ग्रीन्सबरोच्या उपाहारगृहात चार विद्यार्थ्यांनी सुरू केलेले प्रसिद्ध धरणे याच्या एक महिन्यानंतरचे आहे. इतिहासाच्या पुस्तकांत ग्रीन्सबरो ठळक छापले जाते, ग्रीनव्हिल बहुधा राहून जाते.

त्याच वर्षी अपील न्यायालयाने जिल्हा न्यायालयाचा निकाल फिरवला. पुढे २६ मार्च १९६२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मेम्फिस विमानतळावरील उपाहारगृहाच्या प्रकरणात जेसी टर्नर यांच्या बाजूने निर्णय दिला. सार्वजनिक विमानतळावरील जागा भाडेपट्ट्याने खासगी कंपनीकडे दिली, म्हणून तिथे वर्णभेद करता येत नाही, हे त्यातून स्पष्ट झाले.

१०/
सामाईक दालनातील खुर्ची अशी सर्वांची झाली. आमंत्रणावर चालणाऱ्या क्लबांचे दार मात्र कंपन्यांच्या मर्जीवर राहिले. कोणाला बोलवायचे आणि का, याचे लेखी निकष नव्हते. भेदभावाच्या कारणावरून एका प्रवाशाने दावा लावल्यानंतर ॲडमिरल्स क्लबने आमंत्रणाची पद्धत सोडून शुल्क भरून सदस्यत्व देण्यास सुरुवात केली. इतर बहुतेक कंपन्यांनीही तोच मार्ग धरला.

मर्जीची जागा किमतीने घेतली. हा बदल लहान नव्हता : मर्जीला कारण विचारता येत नाही, किंमत निदान फलकावर लिहिलेली असते.

११/
याच काळात टर्मिनल गोंधळाचे होऊ लागले. जेट विमानांनी प्रवासीसंख्या वाढवली. न्यूयॉर्कच्या आयडलवाइल्ड विमानतळावर (१९६३ पासून केनेडी विमानतळ) मोठ्या कंपन्यांनी स्वतंत्र टर्मिनले बांधली. पॅन ॲमचे १९६० मध्ये उघडले, एरो सारिनेन यांनी आखलेले टीडब्ल्यूएचे १९६२ मध्ये. एका कंपनीच्या विमानातून दुसरीच्या विमानात जाणाऱ्याला इमारतच बदलावी लागे. आपल्या कंपनीचा क्लब शोधण्याआधी आपल्या कंपनीची इमारत शोधणे भाग होते.

१२/
सारिनेन यांनीच वॉशिंग्टनजवळच्या डलस विमानतळासाठी उलटा विचार केला. प्रवाशाने लांबलचक मार्गिकांतून विमानापर्यंत चालत का जावे? त्याऐवजी बसण्याची खोलीच विमानापर्यंत न्यावी. १९६२ मध्ये तिथे 'मोबाइल लाउंज' धावू लागले. सुमारे १०० प्रवासी मावतील एवढी ही चाकांवरची खोली टर्मिनलच्या दाराशी लागे आणि प्रवाशांसह थेट विमानाजवळ जाई. विमानांची संख्या व आकार वाढल्यावर ही कल्पना मागे पडली. पुढची टर्मिनले लांब मार्गिकांचीच झाली.

१३/
पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळाचे पहिले टर्मिनल १९७४ मध्ये उघडले. पॉल आंद्रू यांनी ते वर्तुळाकार बांधले. मधल्या पोकळीतून पारदर्शक नळ्यांमधले सरकते जिने एकमेकांना छेदत जातात आणि भोवतालच्या सात उपइमारतींकडे जमिनीखालून वाट निघते. चित्रात ते विलक्षण दिसते. चालणाऱ्याची मात्र तिथे दिशा हरवते, कारण गोल इमारतीत 'पुढे' आणि 'मागे' असे काही उरत नाही.

तिथल्या पाट्यांसाठी एड्रियन फ्रुटिगर यांनी खास अक्षरे घडवली. दुरून, तिरक्या कोनातून, घाईतही वाचता येतील अशी ती होती. पुढे ती 'फ्रुटिगर' याच नावाने जगभर पसरली.

१४/
ॲम्स्टरडॅमच्या स्किपोल विमानतळावर १९६७ मध्येच बेनो विसिंग यांनी पाट्यांना रंगांची शिस्त लावली होती : विमान गाठण्याशी संबंधित माहिती पिवळ्या पाट्यांवर आणि इतर सोयी हिरव्यावर. आधी विमान, मग बाकीचे सगळे, हा क्रम तिथे रंगानेच सांगितला. लाउंज हे 'बाकीच्या'त मोडते, म्हणून त्याची पाटी लहान आणि विरळ असते.

गंमत अशी की, स्किपोलमध्ये सर्वांसाठी खुल्या असलेल्या प्रस्थान-दालनांनाच 'लाउंज १', 'लाउंज २', 'लाउंज ३' अशी नावे आहेत. क्लबचा शोध घेणारा नवखा प्रवासी पाटीमागे अचूक जातो आणि गर्दीतच पोचतो.

१५/
लाउंज आडबाजूला असण्यास अर्थकारणही आहे. ये-जा असलेली मोक्याची जागा दुकानांना मिळते, कारण त्यांना जाता-येता गिऱ्हाईक हवे असते. लाउंजचे गिऱ्हाईक आधीच ठरलेले असते, ते शोधत येणारच. काही क्लबांना तर दिसणेच नको असते. क्वांटास कंपनीचा ऑस्ट्रेलियातील 'चेअरमन्स लाउंज' आजही केवळ आमंत्रणावर चालतो आणि त्याच्या दारावर पाटी नसते. १९३९ ची पद्धत तिथे जशीच्या तशी जिवंत आहे.

१६/
१९७८ मध्ये अमेरिकेने विमानभाड्यांवरील सरकारी नियंत्रण उठवण्याचा कायदा केला. कंपन्यांत चुरस लागली. १९८१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने उड्डाणांच्या मैलांवर बक्षीस देणारी योजना आणली, आणि सतत प्रवास करणाऱ्याची निष्ठा आकड्यांत मोजली जाऊ लागली. १९९२ मध्ये 'प्रायॉरिटी पास' सुरू झाला. एकाच सदस्यत्वावर अनेक विमानतळांची लाउंज उघडू लागली, प्रवासी कोणत्याही कंपनीच्या विमानाने जावो. त्यानंतर बँका आल्या आणि लाउंज हे कार्डासोबत मिळणारे आमिष झाले.

१७/
दाराशी विचारले जाणारे तीन प्रश्न म्हणजे या इतिहासाचे तीन थर होत. सदस्यत्व हा क्लबच्या काळाचा वारसा. बोर्डिंग पासवरील वर्ग आणि प्रवाशाचा दर्जा हा विमान कंपन्यांच्या चुरशीचा. कार्ड हा बँकांचा. प्रत्येक लाउंज यांपैकी कोणता थर मानते हे वेगळे असते. म्हणूनच एका दारी चालणारे कार्ड शेजारच्या दारी चालत नाही. निघण्यापूर्वी तीन गोष्टी पाहून ठेवणे इष्ट : लाउंज कोणत्या टर्मिनलात आहे, ते सुरक्षा तपासणीच्या आत आहे की बाहेर, आणि तिथे काय दाखवल्यावर प्रवेश मिळतो.

१८/
मुंबईत याचा अनुभव रोज येतो. सांताक्रूझ आणि सहार अशी दोन टोके असलेल्या या विमानतळावर २०१४ मध्ये सहारला नवे टर्मिनल २ सुरू झाले. तरी टर्मिनल १ चालूच राहिले, आणि एकाहून दुसऱ्याला जायचे तर शहराच्या रस्त्यावरूनच जावे लागते. योग्य कार्ड खिशात आहे, पण लाउंज दुसऱ्या टर्मिनलात, अशी पंचाईत त्यातून होते.

साध्या डेबिट कार्डावरही प्रवेश मिळू लागल्यावर भारतीय लाउंजच्या दारांशी रांगा लागल्या. मोजक्यांसाठी निघालेल्या खोलीत आता कधी कधी बाहेरच्यापेक्षा अधिक दाटी असते. या गर्दीला नाक मुरडणाऱ्यांनी ॲडमिरलांच्या यादीची आणि ग्रीनव्हिलच्या खोलीची आठवण ठेवावी.

१९/
शेवटी बाहेरच्या खुर्चीविषयी. चार्ल्स आणि रे ईम्स यांनी शिकागोचा ओहेअर आणि वॉशिंग्टनचा डलस या विमानतळांसाठी एक आसन घडवले : ॲल्युमिनियमची चौकट, ताणून बसवलेली काळी बैठक आणि एकाच दांड्यावर ओळीने जोडलेल्या खुर्च्या. जगातल्या असंख्य विमानतळांवर आजही त्यावर माणसे बसतात. पाटी शोधावी लागत नाही, दाराशी कोणी काही विचारत नाही.

ते आसन १९६२ मध्ये आले. मेम्फिसचा निकालही त्याच वर्षीचा. (समाप्त)