कोंबडीचा दुखरा पाय : निदान आणि उपचारांचा इतिहास

कोंबडीच्या शरीराचा सारा भार दोन तळव्यांवर असतो. दिवसभर ती माती उकरते आणि रात्री दांडीवर बोटांची पकड घालून बसते, त्यामुळे पायाला पुरती विश्रांती कधीच मिळत नाही. तळव्याच्या गादीत काटा रुतला, उंचावरून उडी घेताना मुका मार बसला किंवा ओल्या घाणीत कातडी भिजून चिरली, की जंतू आत शिरतात. तळवा सुजतो, मध्यभागी काळपट खपली धरते आणि कोंबडी तो पाय पोटाशी घेऊन उभी राहू लागते. या विकाराला बंबलफूट म्हणतात. पण लंगडणारी प्रत्येक कोंबडी याच दुखण्याने लंगडते असे नाही. नडगीच्या खवल्यांची खरूज, सांध्यांत साचणारे युरिक आम्ल, खाद्यातील उणिवा आणि नसांचा विषाणुजन्य रोग यांचेही पहिले लक्षण लंगडणे हेच असू शकते. ही दुखणी एकमेकांपासून वेगळी ओळखता यायला जवळपास 2000 वर्षे लागली.

या विषयावरचे महत्त्वाचे जुने लेखन रोमन काळातले आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कोलुमेल्ला या शेतीतज्ज्ञाने 12 भागांचा ग्रंथ लिहिला. त्याच्या आठव्या भागात पाळीव पक्ष्यांचा विचार आहे. कोंबड्यांचे पाय त्यांच्याच विष्ठेने माखू देऊ नयेत, ती नखांना चिकटून राहिली तर संधिवात होतो, असे तो बजावतो. त्यावरचा त्याचा उपाय बांधकामाचा आहे. बसण्याच्या दांड्या चौकोनी तासाव्यात, कारण गोल गुळगुळीत दांडीवर उडी मारून बसणाऱ्या पक्ष्याचा पाय ठरत नाही. त्या जमिनीपासून एक फूट उंचीवर आणि एकमेकींपासून दोन फूट अंतरावर असाव्यात. रोगाचे नाव त्याने माणसाच्या आजारावरून घेतले आणि ते चुकले असण्याचीच शक्यता जास्त. कारण मात्र त्याने बरोबर हेरले होते. दुखणे पायात दिसले तरी त्याचे मूळ खुराड्यात शोधायचे, ही दृष्टी पुढच्या अनेक शतकांतल्या औषधांच्या याद्यांपेक्षा मोलाची ठरली.

त्यानंतरचा मोठा काळ निदानाच्या बाजूने फारसा काही देत नाही. बोलोन्याच्या उलिसे आल्द्रोवांदीने 1600 साली प्रसिद्ध झालेल्या पक्षिशास्त्राच्या दुसऱ्या खंडात कोंबडीबद्दल जुन्या लेखकांनी लिहिलेले जवळजवळ सगळे एकत्र केले. त्याची स्वतःची एक कोंबडी दिवसभर घरात एकटी फिरे आणि रात्री त्याच्या पुस्तकांजवळच झोपे, असे त्याने नोंदवले आहे. कोंबडी लळ्याने घरात वावरत असल्याची ही नोंद आजच्या वाचकालाही जिवंत वाटते. पण या विद्वानांचा भर प्राचीन ग्रंथांतल्या मतांवर होता. सुजलेला तळवा कापून आत काय आहे ते पाहण्यावर नव्हता.

खरी निकड एकोणिसाव्या शतकात निर्माण झाली, आणि ती कोंबडीच्या वजनामुळे. 1840च्या दशकात चीनकडून आलेल्या अवाढव्य कोचीन कोंबड्यांनी इंग्लंडला भुरळ घातली. नोव्हेंबर 1849मध्ये बोस्टनला अमेरिकेतले पहिले मोठे कोंबड्यांचे प्रदर्शन भरले आणि तिकडेही या पक्ष्यांचे वेड पसरले. पाळीव कोंबडीचा पूर्वज असलेल्या तांबड्या रानकोंबडीची मादी एक किलोच्या आसपास किंवा त्याहून कमी भरते, तर कोचीन नर पाच किलोपर्यंत जातो. पायाची घडण तीच, वर भार मात्र कितीतरी पट. त्यातून हे पक्षी बंद खुराड्यात, कठीण फरशीवर आणि उंच दांड्यांवर ठेवले जात. पाच बोटांची आणि भारी अंगाची डॉर्किंग ही इंग्लिश जात तर तळव्याच्या गाठींसाठी बदनामच झाली.

विल्यम टेगेटमायर, ज्याने डार्विनला पाळीव पक्ष्यांच्या अभ्यासात मोठी मदत केली, आणि लुईस राइट यांच्यासारखे लेखक याच काळात पुढे आले. त्यांच्या परंपरेतील कोंबडीपालनाच्या पुस्तकांत दुखऱ्या पायाला स्वतंत्र जागा मिळाली. दांडी खाली आणा, ती रुंद करा, खाली पेंढा अंथरा, हा त्यांचा प्रतिबंधाचा सल्ला. सूज कोवळी असेल तर सिल्व्हर नायट्रेटची कांडी किंवा टिंक्चर आयोडीन लावत. गाठ पिकल्यासारखी वाटली तर पोटीस बांधून चीर देत.

चीर दिल्यावर मात्र बहुतेकांची निराशा होई. माणसाचे किंवा जनावराचे गळू फोडले की पू वाहून जातो आणि ठणका उतरतो; कोंबडीच्या तळव्यातून काहीच वाहत नसे. पक्ष्यांच्या पांढऱ्या पेशींत पू पातळ करणारी यंत्रणा सस्तन प्राण्यांसारखी नसते. त्यामुळे तो सुकून पिवळट, चिजासारखा घट्ट गोळा होतो आणि आजूबाजूच्या ऊतींना धरून बसतो. नुसती चीर देऊन, दाबून तो निघत नाही. दाबल्याने उलट जंतू कंडरांकडे आणि सांध्याकडे सरकण्याचा धोका असतो. जुन्या पुस्तकांत या विकाराबद्दल जो हताश सूर आढळतो, त्याचे बरेचसे कारण या एका गोष्टीत आहे.

खवल्यांच्या दुखण्याचा उलगडा त्यामानाने लवकर झाला. नडगीवरचे खवले उचलले जाऊन पांढरट, चुन्यासारखे खडबडीत थर बसतात, हे पाळणाऱ्यांना दिसत होतेच. 1859 साली रोबाँ आणि लांकेताँ या फ्रेंच संशोधकांनी त्यामागचा अर्ध्या मिलिमीटरहून लहान माइट वर्णन केला. तो खवल्यांखाली बोगदे करून राहतो आणि एका पक्ष्यावरून दुसऱ्यावर जातो. कारण कळल्यावर उपचारही नेमका झाला : कोमट साबणाच्या पाण्यात पाय भिजवून सैल झालेले कवच काढायचे आणि गंधकाचे मलम चोळायचे. अमेरिकेत रॉकेल आणि जवसाचे तेल मिसळून त्यात पाय बुडवण्याची पद्धत रुजली. पिसांपर्यंत रॉकेल जाऊ देऊ नका, कातडी भाजते, अशी ताकीद तिच्यासोबत दिली जाई. रॉकेल आता सोडूनच द्यावे. व्हॅसलीनसारख्या जाड थरानेही माइट गुदमरतो आणि पशुवैद्यकाकडे आयव्हरमेक्टिनसारखी औषधे असतात.

तळव्याच्या गाठीतील जंतूंची ओळख माणसांच्या शस्त्रक्रियाशास्त्रातून आली. ॲबर्डीनच्या अलेक्झांडर ऑग्स्टनने 1880च्या सुमारास गळवांतील गोल जंतूंचे झुबके दाखवले आणि 1882मध्ये त्यांना स्टॅफिलोकॉकस हे नाव दिले. बंबलफूटमध्ये सर्वाधिक सापडणारा जंतू याच कुळातला आहे. 1899मध्ये डॅनियल साल्मन यांचे, म्हणजे साल्मोनेला जंतू ज्यांच्या नावाने ओळखला जातो त्यांचे, कोंबड्यांच्या रोगांवरील पुस्तक आले. 1911मध्ये मेन राज्यातील कृषी संशोधन केंद्रातून रेमंड पर्ल आणि सहकाऱ्यांचे पुस्तक निघाले. तोवर पायाची दुखणी हौशी लोकांच्या अनुभवातून प्रयोगशाळेच्या कक्षेत आली होती.

लंगडण्याची पायाबाहेरची कारणेही याच काळात कळू लागली. 1907मध्ये बुडापेस्टच्या योझेफ मारेक यांनी पांगळ्या झालेल्या चार कोंबड्यांचे वर्णन केले. त्यांच्या पायांत काही बिघाड नव्हता. पायांकडे जाणाऱ्या नसाच जाड झाल्या होत्या. एक पाय पुढे आणि एक मागे ताणून पडलेली तरुण कोंबडी दिसली की आजही पहिला संशय मारेक रोगाचा घेतला जातो. त्याचा विषाणू 1967मध्ये ओळखला गेला आणि काही वर्षांतच लस वापरात आली. 1930च्या दशकात खाद्याची बाजू स्पष्ट झाली. कॉर्नेल विद्यापीठातील नॉरिस आणि सहकाऱ्यांच्या कामातून मँगनीज कमी पडले तर पिलांच्या घोट्यामागची कंडर जागेवरून सरकते, हे सिद्ध झाले. बोटे आत मुडपून घोट्यांवर चालणाऱ्या पिलात रायबोफ्लेविनची उणीव असते, हेही त्याच दशकात उमगले. अशा पिलाला वेळीच जीवनसत्त्व मिळाले तर ते सावरते. उशीर झाला तर नसांची हानी भरून येत नाही.

विसाव्या शतकाच्या मध्यावर कोंबड्या पिंजऱ्यांत गेल्या आणि एकेका पक्ष्यावर उपचार करणे व्यापारी दृष्ट्या निरर्थक ठरले. पाय पुन्हा चर्चेत आला तो प्राणी-कल्याणाच्या कायद्यांमुळे. 1990च्या दशकात स्वीडनमध्ये दांड्यांचे आकार, साहित्य आणि तळव्यांच्या गाठी यांचा संबंध तपासला गेला. युरोपीय संघाच्या 1999च्या निर्देशाने प्रत्येक अंडी देणाऱ्या कोंबडीला धारदार कडा नसलेली किमान 15 सेंटिमीटर दांडी देणे बंधनकारक केले, आणि अशा सोयी नसलेले जुने पिंजरे 2012पासून बंद झाले. 2005मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालेल्या हेन वेल्फेअर ट्रस्टसारख्या संस्थांनी कारखान्यांतून निवृत्त झालेल्या कोंबड्या घरोघरी दिल्या. त्यांतल्या अनेकींना नाव मिळाले आणि दुखऱ्या पायासाठी पशुवैद्यकाची वेळही.

आजची तपासणी दोन्ही तळवे शेजारी शेजारी पाहून सुरू होते. खपली, उष्णता, सुजेचा घट्टपणा आणि बोटांची हालचाल पाहिली जाते. गाठ जुनी असेल तर हाडाला संसर्ग पोहोचला का हे क्ष-किरणांत दिसते. नुसती लाली किंवा वरवरची खपली असेल तर पाय कोमट पाण्यात भिजवणे, जंतुनाशक लावणे, मऊ पट्टी बांधणे आणि कोरडी गादी देणे एवढ्याने बहुधा भागते. आत घट्ट गोळा असेल तर तो भूल देऊन पूर्ण कोरून काढावा लागतो आणि पुढचे काही आठवडे पट्टी बदलत राहावी लागते. घरच्या घरी, भूल न देता पात्याने गाठ कापण्याची प्रथा हौशी लोकांत अजून आहे. ती क्रूर आहे आणि संसर्ग खोल नेणारीही. प्रतिजैविक कोणते द्यायचे हे जंतूच्या चाचणीवरून ठरवणे उत्तम, कारण स्टॅफिलोकॉकसचे अनेक प्रकार नेहमीच्या औषधांना दाद देत नाहीत. युरोपात कायद्याच्या दृष्टीने घरची लाडकी कोंबडीही अन्न देणारा प्राणीच असते, म्हणून औषध चालू असताना आणि नंतर पशुवैद्यक सांगेल तितके दिवस तिची अंडी खाण्यातून बाजूला ठेवावी लागतात.