कोऱ्या मूर्ती आणि आंखलेल्या मूर्ती
संगणकाच्या स्मृतींतील वांटणीचा इतिहास

पेणच्या गणपतींच्या कारखान्यांत चतुर्थीच्या आधीं महिनाभर पाऊल ठेवावयास जागा उरत नाहीं. फळ्यांवर दोन प्रकारच्या मूर्ती असतात: कांहीं साच्यांतून नुकत्याच निघालेल्या, कोऱ्या, कांहींच्या डोळ्यांची आंखणी होऊन गेलेली. जागेची निकड भासली तर कारागीर आधीं कशाला हात लावील? कोऱ्या मूर्तीला, साचा शाबूत असल्यानें ती पुन्हां काढतां येते. आंखलेली मूर्ति मात्र जपून दुसऱ्या खोलींत न्यावी लागते, कारण तिच्यासारखी तीच. संगणकाच्या स्मृतीचा इतिहास पुष्कळसा याच भेदाभोंवतीं फिरला आहे.

आरंभीं हा प्रश्नच नव्हता. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९६० सालीं सिद्ध झालेल्या व १९६२ सालीं ‘टिफ्रॅक’ हें नांव मिळालेल्या यंत्राची स्मृति अवघी २०४८ शब्दांची होती. एवढ्याशा फडताळांत चालू काम मावलें तरी पुष्कळ! पुढें स्मृति वाढली, आणि मंदगति तबकडीवरील फाईल एकदां वाचली कीं तिची प्रत स्मृतींत राखून ठेवावी, ही युक्ति रूढ झाली. या राखीव प्रतींच्या सांठ्यास कॅश म्हणतात. त्याच जागेंत चालू प्रोग्रॅमांचीं स्वतःचीं पानेंही मावावयाचीं असतात. फाईलीची प्रत ही कोरी मूर्ति. मूळ तबकडीवर असतेंच, म्हणून ती खुशाल टाकतां येते. (तींत केलेला बदल तबकडीवर लिहावयाचा राहिला असेल तर मात्र नव्हे.) प्रोग्रॅमाचें पान ही आंखलेली मूर्ति, तें हलवावयाचें तर आधीं तबकडीवरील ‘स्वॅप’ जागेंत लिहिणें भाग पडतें.

अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत १९६९ सालीं आरंभ झालेल्या युनिक्समध्यें या दोहोंत पक्की भिंत असे. यंत्र सुरू होतांना कॅशचा वांटा ठरे. बर्कलेच्या आवृत्त्यांत तो साधारण एक दशांश असे. बाकीची जागा ओस पडली तरी फाईलींना भिंत ओलांडतां येत नसे. वांटणी अडाणी खरी. पण कोणी कोणाचें घर बळकावीत नसे.

१९८८ सालीं सन कंपनीच्या सनओएस ४.० नें ती भिंत पाडली. मोकळी जागा सर्वांची झाली, पण नवें संकट आलें. रोह्याला मध्य रेल्वेचा मार्ग संपून कोंकण रेल्वेचा सुरू होतो. तेथें मालगाड्यांनीं एकामागून एक येऊन सारे रूळ अडविले तर उतारूंच्या गाडीची जी गत होईल, तीच प्रोग्रॅमांची होऊं लागली. रात्रीं सर्व फाईलींची नक्कल काढावी, जीं पानें पुन्हां कोणी वाचणार नाहीं त्यांनीं स्मृति भरून जावी, आणि सकाळीं पहिल्याच कामाला यंत्रानें अडून बसावें! १९९८ च्या सोलारिस ७ मध्यें, अडचणीच्या वेळीं आधीं फाईलींचीं पानें काढावीं, अशी सोय झाली.

लिनक्सच्या २.६ आवृत्तींत, २००३ सालीं, ‘स्वॅपिनेस’ नांवाचा कांटा आला. तो मुळांत ६० वर असे. पुष्कळ लोक ही शेंकडेवारी समजतात, तें चुकीचें आहे. दोन प्रकारच्या पानांपैकीं कोणत्याकडे किती कलावें, एवढेंच तो सांगतो.

पण असा कांटा माणसानें अंदाजानेंच लावावयाचा. त्याच वर्षीं आय. बी. एम. मधील निम्रोद मेगिडो व मुंबईच्या आय. आय. टी. चे पदवीधर धर्मेंद्र मोधा यांनीं कॅशपुरती एक सुरेख योजना मांडली: टाकलेल्या पानांचीं निदान नांवें टिपून ठेवावीं. टाकलेलें पान लागलीच पुन्हां मागितलें गेलें तर टाकण्यांत चूक झाली, हें यंत्रास आपोआप कळतें. २०१४ पासून लिनक्सही बाहेर काढलेल्या फाईल-पानांच्या अशाच खुणा जपून ठेवतो.

घरगुती संगणकावर मोकळी स्मृति जवळजवळ शून्य दिसली कीं आजही लोक घाबरतात व ती रिकामी करण्याचे उपाय शोधतात. वस्तुतः ती कोऱ्या मूर्तींनीं भरलेली असते. २०१४ सालीं लिनक्सनें ‘मोकळी’ या आंकड्याशेजारीं ‘उपलब्ध’ हा दुसरा आंकडा दाखविण्यास प्रारंभ केला. प्रोग्रॅमांस धक्का न लावतां किती जागा करून देतां येईल, याचा अदमास तो देतो.