सपाट रस्त्यावरची शांतता कोणी घडवली?

१/ नेदरलँड्समधील ग्रामीण रस्त्यांची छायाचित्रे आपण सर्वांनी पाहिली आहेत. दोन्ही बाजूंना पाण्याने भरलेले चर, पलीकडे कुरणे, क्षितिजापर्यंत सरळ गेलेली वाट आणि तिच्यावर एकच सायकलस्वार. मोटारीचा मागमूस नाही. अशा छायाचित्राखाली एक प्रतिक्रिया हमखास असते : ‘देशच सपाट आहे, त्यांना काय अवघड?’ आजचा धागा या एका वाक्याची तपासणी करण्यासाठी.

२/ देश सपाट आहे हे खरे. पण हा सपाटपणाही सगळीकडे आयता मिळालेला नाही. अ‍ॅमस्टरडॅमच्या उत्तरेस बेम्स्टर नावाचे विस्तीर्ण सरोवर होते. व्यापाऱ्यांनी भांडवल घातले, चाळीसहून अधिक पवनचक्क्यांनी पाणी उपसले आणि १६१२ मध्ये सरोवराचा तळ शेतीसाठी मोकळा झाला. अशा उपसलेल्या जमिनीला ‘पोल्डर’ म्हणतात. तिथले चौकटीत आखलेले रस्ते व कालवे आजही ओळखता येतात. १९९९ पासून बेम्स्टर जागतिक वारसास्थळ आहे.

३/ आता एक तुलना. इंग्लंडच्या पूर्वेकडील ‘फेन्स’ हा दलदलीचा प्रदेश सतराव्या शतकात कोरडा करण्यात आला. त्या कामाचा सूत्रधार होता कॉर्नेलियस व्हर्मुयडेन, म्हणजे एक डच अभियंताच. जमीन तितकीच सपाट, चर तितकेच सरळ, तंत्रही त्याच परंपरेतले. तरीही तिथे डच धर्तीचे ग्रामीण सायकलमार्गांचे जाळे निर्माण झाले नाही. म्हणजे सपाट भूमी ही सोय आहे, कारण नव्हे. कारण भूगोलात नसेल, तर ते इतिहासात शोधावे लागेल.

४/ हा इतिहास सुरू होतो हौशी श्रीमंतांपासून. १८८३ मध्ये डच सायकलस्वारांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. तीच पुढे ‘एएनडब्ल्यूबी’ या नावाने प्रसिद्धीस आली (आणि गंमत अशी की आज ती मुख्यतः मोटारचालकांची संघटना म्हणून ओळखली जाते). १८८५ मध्ये उट्रेख्ट शहरातील मालीबान या वृक्षराजीच्या रस्त्यालगत सायकलींसाठी स्वतंत्र पट्टी खुली झाली. त्या काळी सायकल महाग होती आणि ती चालवणे हा प्रतिष्ठेचा छंद होता.

५/ गावाकडच्या वाटांचा प्रारंभ सरकारने नव्हे, तर स्थानिक मंडळांनी केला. १९१४ पासून खोई प्रदेशात आणि त्यानंतर ड्रेन्ते प्रांतात ‘सायकलमार्ग संघ’ उभे राहिले. सभासदांच्या वर्गणीतून माळरानांतून व शेतांच्या कडेने अरुंद वाटा तयार झाल्या. १९१९ पासून त्या वाटांवर अळंबीच्या आकाराचे बुटके दिशादर्शक दिसू लागले. सायकलवर बसल्याबसल्या वाचता यावेत, एवढीच त्यांची उंची. ते आजही उभे आहेत.

६/ विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकात चित्र पालटले. सायकल स्वस्त झाली आणि ती कामगार, शेतमजूर, शाळकरी मुले यांचे रोजचे वाहन बनली. १९२४ मध्ये सरकारने तिच्यावर वार्षिक कर बसवला. कर भरल्याची खूण म्हणून धातूचा बिल्ला सायकलवर लावावा लागे. बेरोजगारांना तो विनामूल्य मिळे, पण त्यात भोक पाडलेले असे. कोणाकडे काम नाही, हे त्या भोकावरून सगळ्या गावाला कळत असे.

७/ १९२६ मध्ये राष्ट्रीय रस्ते निधी स्थापन झाला. सायकल कराचा पैसाही रस्तेबांधणीकडे वळला आणि त्यातून मुख्यतः मोटारींच्या सोयीचे रस्ते झाले. महामार्गांच्या कडेने सायकलपट्ट्या आल्या, हे खरे. पण त्यांमागचा हेतू दुहेरी होता : सायकलस्वाराला वाचवणे आणि त्याला मोटारीच्या वाटेतून दूर करणे. त्याच डांबराच्या पट्टीचे दोन अर्थ होतात. हा भेद ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

८/ मग युद्ध आले. सायकल कर १९४१ मध्ये, जर्मन ताब्याच्या काळात, रद्द झाला. परंतु १९४२ पासून जर्मनांनी सायकलीच जप्त करायला सुरुवात केली. १९४४-४५ च्या ‘भूकहिवाळ्यात’ सुमारे २०,००० माणसे दगावली. त्या महिन्यांत शहरातल्या स्त्रिया रबरी टायर नसलेल्या सायकली घेऊन, कधी नुसत्या लोखंडी कड्यांवर, शेतकऱ्यांकडे बटाटे व धान्य मागायला पोल्डरांमध्ये जात. त्या वेळीही रस्ते मोटारींविना ओस होते. शांतता नेहमीच सुखाची नसते, ती अशी.

९/ युद्धानंतर समृद्धी आली आणि तिच्याबरोबर मोटारी. शेतजमिनींचे एकत्रीकरण झाले, यंत्रांसाठी गावरस्ते रुंद व पक्के करण्यात आले. ज्या सरळ वाटा बैलगाडी-घोडागाडीच्या वेगासाठी आखल्या होत्या, त्याच आता वेगवान मोटारींना सोयीच्या ठरल्या. मुख्य रस्ता तुंबला की वाहने आडवाटेने गावांत घुसू लागली. सपाट आणि सरळ रस्ता सायकलीला जितका अनुकूल, तितकाच तो भरधाव मोटारीलाही अनुकूल असतो. भूगोल कोणाचाच पक्ष घेत नाही.

१०/ परिणाम आकड्यांत दिसतो. १९७१ या एका वर्षात नेदरलँड्समध्ये रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी चारशेहून अधिक मुले होती. देशाची लोकसंख्या तेव्हा सव्वा ते दीड कोटींच्या दरम्यान. शाळेत पायी किंवा सायकलने जाणे हा त्या मुलांचा गुन्हा नव्हता. तरीही ‘अपघात व्हायचेच’ अशी समजूत समाजाने करून घेतली होती.

११/ ही समजूत एका बापाने नाकारली. पत्रकार विक लांगनहॉफ यांची सहा वर्षांची मुलगी सायकलने शाळेत जाताना मोटारीखाली सापडून गेली. १९७२ मध्ये त्यांनी ‘दे टाइड’ या वृत्तपत्रात लेख लिहिला. मथळा होता : ‘बालहत्या थांबवा’. ‘अपघात’ हा शब्द त्यांनी मथळ्यात वापरला नाही, हे महत्त्वाचे. १९७३ मध्ये त्याच नावाची चळवळ उभी राहिली. मार्त्ये फान पुटेन या तरुणी तिच्या पहिल्या अध्यक्ष. पुढे त्या युरोपीय संसदेच्या सदस्य झाल्या.

१२/ त्याच वर्षी इतिहासाने अनपेक्षित साथ दिली. अरब-इस्रायल युद्धानंतर अरब तेल-उत्पादक देशांनी नेदरलँड्सला तेल नाकारले. पंतप्रधान योप डेन अइल यांच्या सरकारने ४ नोव्हेंबर १९७३ पासून ६ जानेवारी १९७४ पर्यंत रविवारी मोटारी चालवण्यास बंदी घातली. लोक महामार्गांवर सायकली घेऊन आले, मुले रस्त्यात खेळली. टंचाईमुळे लादलेल्या या रविवारांनी लोकांना एक गोष्ट प्रत्यक्ष दाखवली : रस्ता असाही असू शकतो.

१३/ १९७५ मध्ये सायकलस्वारांची नवी, लढाऊ संघटना स्थापन झाली. त्याच दशकाच्या उत्तरार्धात सरकारी मदतीने तिलबर्ग व द हेग या शहरांत प्रायोगिक सायकलमार्ग बांधले गेले. आता सातव्या भागातला भेद आठवा. सायकलमार्ग पूर्वीही होते, पण त्यांचा एक हेतू मोटारीला वाट मोकळी करून देणे हा होता. आता मागणी उलट होती : मुलाला वाट हवी, मोटारीने वळसा घ्यावा.

१४/ ग्रामीण भागात ही मागणी रुजायला १९९० चे दशक उजाडले. ‘शाश्वत सुरक्षितता’ या धोरणाचे तत्त्व साधे आहे. माणूस चुकणारच, म्हणून रस्ता असा हवा की चूक प्राणावर बेतू नये. लांबच्या प्रवासाची वाहने मोठ्या रस्त्यांवर न्यायची. शेतांमधील लहान रस्त्यांवर ताशी ८० ऐवजी ६० किलोमीटरची मर्यादा घालायची. जिथे वेग अधिक, तिथे सायकलमार्ग अलग. काही वाटांच्या तोंडाशी खांब रोवून मोटारीला आरपार जाऊ द्यायचे नाही. सायकल मात्र निघून जाते.

१५/ याच सुमारास सीमेपलीकडे, बेल्जियममधील लिम्बर्ग प्रांतात, शेवटची कोळसाखाण १९९२ मध्ये बंद झाली. तिथल्या ह्यूगो बोलेन या खाण-अभियंत्याने शांत वाटा जोडण्याची एक पद्धत सुचवली : प्रत्येक तिठ्याला एक क्रमांक द्यायचा. क्रमांकांची यादी खिशात ठेवली की नकाशाविना दिवसभर हिंडता येते. १९९५ मध्ये हे जाळे खुले झाले आणि पुढे नेदरलँड्सनेही ती पद्धत उचलली. पोल्डरातील आजच्या भटकंतीचा आधार हे क्रमांकच.

१६/ ही कथा विजयगाथा म्हणून संपवण्याचा मोह होतो, पण तो आवरायला हवा. २०२२ मध्ये तिथे रस्त्यांवर ७४५ माणसे दगावली. १९७१ च्या तुलनेत ही घट प्रचंड आहे. मात्र त्यांपैकी २९१ सायकलस्वार होते, आणि त्यांत वृद्धांचे प्रमाण मोठे आहे. बॅटरीवर चालणाऱ्या सायकलींनी वेगाचा प्रश्न खुद्द सायकलमार्गावरच आणून ठेवला आहे. शांत रस्ता एकदा बांधला म्हणजे कायमचा मिळाला, असे होत नाही.

१७/ तर, ‘देश सपाट आहे, त्यांना काय अवघड?’ सपाट जमीन बेम्स्टरला १६१२ पासून होती. तीच जमीन तशीच सपाट असताना १९७१ मध्ये चारशेहून अधिक मुले गेली. अवघे पन्नास वर्षांचे अंतर आहे त्या आकड्यात आणि आजच्या त्या एकाकी सायकलस्वाराच्या छायाचित्रात. मधल्या काळात जमीन बदलली नाही. ‘अपघात’ या शब्दावर समाधान मानायला काही माणसांनी नकार दिला, एवढेच बदलले.

१८/ पुढच्या वेळी ते छायाचित्र दिसले, तर रस्त्याच्या तोंडाशी रोवलेला खांब शोधा. बहुधा चौकटीबाहेर असेल. या इतिहासातले सर्वांत महत्त्वाचे स्मारक तेच, आणि त्यावर कोणाचेही नाव कोरलेले नाही. (समाप्त)