मराठवाड्यातील रक्तदाब-नियंत्रण : नोंदवहीच्या आधारे एक विचार

सार्वजनिक आरोग्याचा इतिहास लिहिताना अभ्यासकाची दृष्टी सहजच साथींकडे वळते. पटकी, प्लेग, देवी यांना आरंभ असतो, कळस असतो आणि शेवटही असतो. उच्च रक्तदाबाची गोष्ट निराळी आहे. बहुधा त्याला वेदना नाही, ज्वर नाही. पक्षाघात वा हृदयविकार ओढवेपर्यंत पुष्कळदा रुग्णालाही त्याचा पत्ता नसतो. अशा अबोल विकाराला शासनव्यवस्था कशी सामोरी गेली, याचा नांदेड व लातूर या जिल्ह्यांच्या संदर्भात येथे थोडक्यात विचार करावयाचा आहे.

17 सप्टेंबर 1948 पर्यंत हा प्रदेश निजामाच्या सत्तेखाली होता. 1956 मध्ये तो द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. लातूर तर 1982 पर्यंत उस्मानाबाद जिल्ह्याचाच भाग होते. या संक्रमणकाळात देशभर जी आरोग्ययंत्रणा उभी राहिली, तिची घडण मोहिमांची होती. हिवताप-नियंत्रणाचा कार्यक्रम 1953 मध्ये, तर देवी-निर्मूलनाचा 1962 मध्ये सुरू झाला. कर्मचाऱ्याने गावात यावे, फवारणी करावी, लस टोचावी आणि पुढील गावी जावे, अशी ही रीत होती. देवीच्या बाबतीत तिला पूर्ण यश आले, हे मान्यच केले पाहिजे.

ज्ञानाचा अभाव होता, असे मात्र म्हणता येत नाही. सर्पगंधेचा उच्च रक्तदाबावरील गुण दाखविणारा डॉ. रुस्तम जाल वकील यांचा मुंबईतील निबंध 1949 मध्येच प्रसिद्ध झाला आणि जगभर गाजला. तरीही औषधाचा शोध आणि राष्ट्रीय कार्यक्रम यांच्यामध्ये सहा दशके लोटली. याचे एक कारण असे की, हा विकार दीर्घकाळ शहरी व सुखवस्तू लोकांचा समजला गेला. दुसरे कारण अधिक खोल आहे : एकदा येऊन निघून जाणाऱ्या यंत्रणेपाशी आयुष्यभर पुरवावयाच्या उपचाराची रीतच नव्हती.

2010 मध्ये कर्करोग, मधुमेह, हृदयरोग व पक्षाघात यांच्या प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. 2017 मध्ये भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाचा आरंभ झाला, तेव्हा महाराष्ट्रातून सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा व वर्धा हे जिल्हे प्रथम निवडले गेले. मराठवाड्यातील एकही त्यांत नव्हता. सोपी ठरीव उपचारपद्धती, औषधांचा अखंड पुरवठा, घराजवळ तपासणी आणि प्रत्येक रुग्णाची नोंद, ही या उपक्रमाची अंगे होत. यश मोजावयाचे ते किती गोळ्या वाटल्या यावरून नव्हे, तर नोंदलेल्यांपैकी किती जणांचा रक्तदाब 140/90 च्या खाली आला यावरून. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 15 वर्षांवरील 24 टक्के पुरुष व 21 टक्के स्त्रिया यांचा रक्तदाब वाढलेला, अथवा औषधाने आवरलेला, आढळला. हा विकार केवळ सुखवस्तूंचा नाही, हे एवढ्या व्याप्तीवरून उघड होते.

येथेच मराठवाड्याचा विशेष प्रश्न उभा राहतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास या भागातील अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि कित्येक महिने फडावरच राहतात. गावच्या केंद्रात मिळणारी औषधे साधारणतः 30 दिवसांची. पत्रक गावी आणि रुग्ण फडावर, अशी स्थिती झाली की उपचार तुटतो. नोंदवहीत मात्र 'रुग्ण आला नाही' एवढेच उमटते. तेथे दोष रुग्णाकडे जातो. वस्तुतः गावाला बांधलेली नोंद स्थलांतर करणाऱ्या समाजाला पुरी पडत नाही.

सारांश, या विकाराच्या इतिहासाचे प्रमुख साधन नोंदवही हेच होय. तीत कोण आले याइतकेच कोण गळाले, कोणत्या महिन्यात गळाले, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याने वाचले पाहिजे. देवीच्या रुग्णाला गावोगाव शोधत जाणाऱ्या यंत्रणेला आपल्या रुग्णामागे फडापर्यंत जाता येईल काय, या प्रश्नाच्या उत्तरावर नांदेड-लातूरच्या कित्येक घरांचे भवितव्य अवलंबून आहे.