विद्यापीठातील जागल्याची कोंडी
गावगाड्यात रात्रीची राखण करणारा तो जागल्या. गैरव्यवहार उघड करणाऱ्यालाही मराठीत आज हाच शब्द वापरतात. भोर तालुक्यातील उत्रोलीहून महाविद्यालयात कामाला जाणाऱ्या लिपिकाला गुणपत्रिकेतील फेरफार आढळला, तर त्याने जावे कुठे? त्याचा गोपनीय अहवाल ज्यांच्या हाती, तक्रारही बहुधा त्यांच्याविरुद्धच. मौन हे बेफिकिरीचे लक्षण मानणे अन्यायाचे ठरेल. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मधील तक्रार निवारण समिती मुख्यतः सेवाविषयक गाऱ्हाण्यांसाठी आहे. सत्येंद्र दुबे यांच्या २००३ मधील हत्येनंतर २००४ साली झालेला ठराव केंद्रीय आस्थापनांपुरता. जागल्या संरक्षण कायद्याला मे २०१४ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली, अंमलबजावणी मात्र झालेली नाही. उरला माहिती अधिकार. तेथे कारण सांगावे लागत नाही, पण अर्जावर नाव लिहावेच लागते.