कीव आणि आदर : सई परांजपे यांची लेखणी

ऐंशीच्या दशकात आम्हां रामदासपेठकरांच्या घरोघरी दूरदर्शन आले. पण मालिका लिहिणाऱ्याचे नाव क्वचितच कोणी लक्षात ठेवी. म्हणून सई परांजपे यांचे स्मरण आम्हांस अगत्याचे वाटते.

१९३८ साली लखनौत जन्मलेल्या सईताईंनी आकाशवाणी व राष्ट्रीय नाट्य विद्यालयातून पुढे येत दिल्ली दूरदर्शनवर लेखन-दिग्दर्शन केले. पुढे त्यांच्या ‘स्पर्श’ चित्रपटास १९७९ सालचा पटकथेचा राष्ट्रीय पुरस्कार लाभला. त्यातील अंध मुख्याध्यापक, आपल्यावरील प्रेमामागे त्यागाची भावना तर नाही ना, या शंकेने ठरलेले लग्न मोडतो. चित्रपटांत नाव झाल्यावरही त्या छोट्या पडद्याकडे वळल्या. ‘अडोस पडोस’ (१९८४) व ‘छोटे बडे’ (१९८५) या मालिका त्यांच्याच. २००६ साली त्यांना पद्मभूषण मिळाले.

अंधांना, वृद्धांना आपण साहाय्य करतो खरे. परंतु त्यात कीव किती आणि आदर किती? ‘स्पर्श’ पाहताना हा प्रश्न आम्हांसही टोचला. वाचकहो, शेजाऱ्याच्या मदतीस जाताना तो आपण स्वतःलाच विचारावा.